पीएमचं शूटिंग

2016 च्या श्रावणात, लग्नांचं काम बंद असताना, पोलिसांचा फोन आला. "कॅमेरा घेऊन या, पीएमचं शूटिंग आहे." कोठडीत माणूस मेला की शवविच्छेदनाचं, म्हणजे पीएमचं, चित्रीकरण करावं, असं राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं 1995 मध्येच राज्यांना कळवलंय. साताऱ्यात त्या दिवशी ते काम माझ्यासारख्या लग्नवाल्याकडे आलं.

आधी चेहरा, मग छाती, पाठ, दोन्ही तळहात. डॉक्टर बोलत होते, तेही आवाजासकट घ्यायचं होतं. तळपायांशी आल्यावर त्यांनी मोजपट्टी ठेवली, "जवळून घ्या" म्हणाले आणि गप्प उभे राहिले. मेंदी लावलेले तळपाय मी शेकड्यानं टिपलेत. हे जावळीतल्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोराचे. भातलावणीच्या चिखल्या अजून बोटांच्या बेचक्यांत होत्या. त्याखाली जे होतं ते मी दीड मिनिट घेतलं, हात हलू न देता.

बाहेर पायरीवर त्याचा बाप. "तुमी आत व्हता न्हवं? काय दिसलं पोराच्या अंगावर?"

"डॉक्टर लिहितायत सगळं, आबा," एवढं बोलून मी गाडीला किक मारली.

पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत माझा जबाब झाला. चित्रीकरण तुम्हीच केलं? हो. मध्ये कापाकापी? नाही. कार्ड कुणाला दिलं? सांगितलं. काय दिसलं हे कुणी विचारलं नाही. ते डॉक्टरांनी सांगायचं असतं, मान्य. माझं अडीच हजारांचं बिल दोन वर्षांनी निघालं.

आबांचं काहीच निघालं नाही. दुकानात मी झेरॉक्सही ठेवलंय, त्यामुळे त्यांचा प्रत्येक कागद माझ्या काचेवरून गेलाय. अर्ज मुंबईला जातो. मुंबईहून "योग्य त्या कार्यवाहीस्तव" जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला. एकदा उत्तर आलं की जबाब नोंदवायला हजर राहा. कुठं? पोरगा जिथं मेला त्याच ठाण्यात! आबांना वाचता येत नाही. मीच वाचून दाखवलं, दोनदा.

गेल्या वर्षी ऑगस्टात ते वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आले. परभणीचा सोमनाथ सूर्यवंशी डिसेंबर 2024 मध्ये कोठडीत मेला. 4 जुलै 2025 ला त्याच्या आईच्या अर्जावर औरंगाबाद खंडपीठानं पोलिसांवर गुन्हा नोंदवायला सांगितलं. त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 30 जुलैला तिथंही हरलं. गावातल्या कुणीतरी त्यांना बातमी वाचून दाखवली होती.

"सरकार त्या आईसंगट दिल्लीपतोर भांडाय गेलं व्हय?" आबांनी विचारलं. मी मान हलवली. "मंजी तिचा अर्ज वाचला तरी. ह्ये माज्या अर्जाला जोडायचं. पाच परती काढ."

काढल्या. पानाला दोन रुपये, दहा झाले. घ्यायला नको वाटतं. पण एकदा घेतले नाहीत तर पुढचे चार महिने ते दुसऱ्या दुकानात गेले होते.