घरातली आपत्कालीन तयारी: आधी पाणी, मग बाकीचे

आपत्कालीन तयारी म्हटले की बहुतेकांना आधी टॉर्च आठवतो. माझ्या मते मात्र सुरुवात पाण्यापासून करावी, कारण पूर असो वा भूकंप, नळ कोरडा तरी पडतो किंवा त्याला गढूळ पाणी येते. पिणे आणि जुजबी स्वच्छता मिळून माणशी दिवसाला सुमारे ४ लिटर धरले, तर चौघांच्या घरात ३ दिवसांसाठी ४८ लिटर पाणी साठवावे लागते. ते एकाच मोठ्या पिंपात भरू नये. घर सोडायची वेळ आली तर पिंप उचलणार कोण? घट्ट झाकणाचे छोटे कॅन बरे, आणि त्यांवर तारीख लिहून दर ६ महिन्यांनी पाणी बदलावे.

कागदपत्रांच्या प्रती, रोजची औषधे आणि थोडी रोख रक्कम एका जलरोधक पिशवीत ठेवावी. टॉर्चमधले सेल काढून वेगळे ठेवावेत, नाहीतर ते आतच गळतात आणि स्प्रिंगवर पांढरट थर चढून टॉर्च ऐन वेळी दगा देतो.

विजेचा मेन स्विच आणि गॅसचा व्हॉल्व्ह कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे. गॅसचा वास आला तर कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, कारण एवढीशी ठिणगीही पुरते. दारे-खिडक्या उघडून सर्वांनी बाहेर पडावे. फोन लागत नसला तरी छोटा संदेश अनेकदा पोहोचतो, म्हणून बाहेरगावच्या एकाच नातेवाइकाकडे सर्वांनी खुशाली कळवायची, असे आधीच ठरवून ठेवावे.