विचारपूस करायची नोकरी

३१ जुलै, बेळगाव. रात्रीचे साडेदहा.

दिवसभर झड लागलीय, कपडे वाळायचं नाव नाही. आज संत इग्नेशियसचा सण, म्हणजे जेझुइट हा कॅथलिक फादरांचा संघ ज्यानं सुरू केला त्याचा. सकाळीच भाचीचा मेसेज आला, "मावशी, आज आमच्याकडे मोठा दिवस." कॅम्पातलं सेंट पॉल्स हायस्कूल जेझुइटांचं, १८५६ पासूनचं, त्यामुळे जेझुइट फादर बेळगावच्या मराठी घरांना काही नवे नाहीत. पण अमेरिकेत भाची शिकते त्या जेझुइट विद्यापीठात ‘कॅम्पस मिनिस्ट्री’ म्हणून मुलांची धार्मिक सोबत आणि विचारपूस करणारा जो विभाग आहे, त्यातल्या माणसांचं काम मला आई गेली तेव्हा जवळून दिसलं. ते लिहून ठेवायचं कधीपासून मनात होतं.

आई थंडीत गेली. भाचीची सेमिस्टर निम्म्यावर आलेली, त्यात व्हिसाची भानगड, तिला येता आलं नाही. आजीच्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर ती. तिच्याच हॉस्टेलात कॅम्पस मिनिस्ट्रीच्या एक बाई राहायला असतात. बातमी कळल्यावर त्या खोलीवर आल्या आणि त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्याकडे या दिवसांत काय करतात?" भाचीनं दहाव्याचं सांगितलं. खोलीत दिवा लावायला बंदी, धुराचा अलार्म वाजतो. मग बाईंनी प्रार्थनेची छोटी खोली उघडून दिली, तिथं दिवा चालतो. मोबाइलमधला आजीचा फोटो ऑफिसात छापून आणला.

दहाव्याला आम्ही खानापूरला मलप्रभेच्या घाटावर होतो. दादानं पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. इकडे सकाळचे साडेअकरा, म्हणजे तिकडे रात्रीचा एक. व्हिडिओ कॉल चालू होता. भाचीनं वरणभात करून पान वाढलं होतं, आणि तिच्या शेजारी त्या बाई भुईवर बसलेल्या, बूट बाहेर काढून ठेवलेले. मराठीचा एक शब्द त्यांना कळत नव्हता. आम्ही पाऊण तास कावळ्याची वाट पाहिली आणि त्या पाऊण तास तिथून हलल्या नाहीत. शेवटी दादा हात जोडून म्हणाला, "आई, पोरीचं शिक्षण अर्ध्यावर राहू देणार नाही." थोड्या वेळानं कावळा शिवला. तिकडे भाची हुंदके देत होती. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, बोलल्या काहीच नाहीत.

शेजारच्या काकूंनी तेव्हा विचारलंच, "वैनी, पोरीला बाटवत तर नाहीत न्हवं तिथं?" काकूंचा प्रश्न मला वावगा वाटला नाही. गोवा आपल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, तिथं काय घडलं ते आपल्या लोकांच्या आठवणीत आहे, आणि तो इतिहास कुणी झाकूही नये. मी त्यांना मला माहीत होतं ते सांगितलं. जॉर्जटाउन हे अमेरिकेतलं जुनं जेझुइट विद्यापीठ, १७८९ सालचं. तिथं १९९९ पासून पूर्णवेळ इमाम नेमलेले आहेत आणि २०१६ मध्ये हिंदू पुजारीही नेमले. मुलानं आपापल्या धर्मात पाय रोवून उभं राहावं, यासाठी पगार देऊन माणसं ठेवतात. काकू म्हणाल्या, "असं असंल तर बरं की." त्यांचं पुरतं समाधान झालं नसावं. होईल हळूहळू.

या कामातले बरेचजण फादर नसतात. लग्न झालेले, पोराबाळांचे संसारी लोक असतात, धर्मशास्त्र शिकून आलेले. मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, रिट्रीट म्हणजे एकांतातली प्रार्थना-शिबिरं, सुट्टीत मुलांना घेऊन वस्त्यांवर कामाला जाणं, हे सगळं आहेच. पण भाची सांगते, त्यांचा जास्त वेळ जातो तो दार उघडं ठेवून बसण्यात. कुणी चहाला येतं, कुणी नापास झालं म्हणून, कुणाच्या घरी आईवडील वेगळे होतायत म्हणून. जिवाचं बरंवाईट करायची भाषा कानावर आली, तर मात्र त्या मुलाला एकटं सोडत नाहीत, सोबत चालत समुपदेशकाकडे नेतात. कुठवर आपण आणि कुठून डॉक्टर, हे त्यांचं पक्कं ठरलेलं असतं. आणि एक गोष्ट मला फार पटली: या लोकांचंही ऐकून घेणारं कुणीतरी असतं. ठरलेल्या दिवशी ते स्वतः जाऊन आपलं मन मोकळं करतात. दुसऱ्यांचं एवढं ऐकायचं तर ते हवंच.

मुळात या संघाची सुरुवातच विद्यार्थ्यांच्या एका खोलीत झाली. इग्नेशियस शिपाईगडी. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं पाय मोडला, अंथरुणाला खिळला तिथून आयुष्याची वाट बदलली. मोठ्या वयात शिकायला पॅरिसला गेला, तर खोलीत पंधरा वर्षांनी लहान दोन पोरं, पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर. फेबर त्याला अभ्यासात मदत करायचा, तो फेबरच्या मनातली भीती ऐकून घ्यायचा. १५३४ मध्ये सात जणांनी मिळून व्रत घेतलं, १५४० मध्ये पोपची मान्यता आली. झेवियर १५४२ मध्ये गोव्याला उतरला. आपल्याकडची माणसं जुन्या गोव्यात ज्याच्या फेस्ताला जातात, तोच हा.

हे सगळं आज डोक्यात घोळत होतं, कारण दुपारी माझ्या कॉलेजात मेंटॉरच्या वह्या भरायच्या होत्या. वीसेक मुलं माझ्याकडे आहेत. रकाने ठरलेले: हजेरी, अंतर्गत गुण, पालकांची सही. खानापूरकडचा एक मुलगा आहे, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला. इथं वर्गात इंग्रजी आणि ऑफिसात कन्नड. दर वेळी येतो, सही करतो, जातो. आज मी वही मिटली आणि विचारलं, "घरी कसंय सगळं?"

"बरं आहे मॅडम."

मी गप्प बसून राहिले. तोही उठला नाही. मग म्हणाला, "बापूंना दवाखान्यात ठेवलंय. रोपं लावायची राहिलीत. मी जाऊ की नको, कळंना झालंय." ज्या रकान्यात हे लिहावं असा रकाना वहीत नाही, आणि तो असूही नये. आम्ही कँटीनला चहा घेतला. गैरहजेरीचं मी बघते म्हटलं, आठवडाभर घरी जाऊन ये. बापूंची फाइल मागवून घ्यायला सांगितलंय, ओळखीतल्या डॉक्टरांना दाखवीन.

आपल्या गावात शिकायला किती पोरं येतात! निपाणी, चिक्कोडी, खानापूर, चंदगड. एका खोलीत चौघं राहतात, मेसचा डबा खातात, परीक्षेच्या दिवसांत आजारी पडतात. त्यांची विचारपूस हे कुणाचंच ठरलेलं काम नाही. ज्याला वाटेल तो करतो. मला वाटतं हे काम कुणाच्यातरी नावावर हवं, पगारात धरलेलं, वेळापत्रकात लावलेलं. धर्माचा धागा नसला तरी चालेल.

संध्याकाळी प्राचार्यांना भेटले. आठवड्यातून एक तास आणि एक खोली मागितली, वहीशिवाय. ते म्हणाले बघू, पण नाही म्हणाले नाहीत. लायब्ररीच्या बाजूची खोली रिकामी आहे, म्हणजे खेळाचं सामान भरलंय तिथं. उद्या शिपाईमामांकडून किल्ली घ्यायची, नेट आणि मॅट कुठं हलवायच्या ते पीटीच्या सरांना विचारायचं. दोन खुर्च्या स्टाफरूममधून नेईन.