पोर्ट आणि पॅकेज एकत्र नांदतात, पण शाखा एक हवी

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर काही सॉफ्टवेअर पोर्टमधून (म्हणजे सोर्सवरून बांधायच्या कृतीतून) बांधून घेतलं आणि बाकीचं तयार पॅकेजमधून, तर चालतं का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: चालतं, पण दोन्ही पोर्ट्स-संग्रहाच्या एकाच शाखेतली, म्हणजे एकाच प्रवाहातली हवीत.

पीकेजी, म्हणजे पॅकेजं बसवणारी आज्ञा, रिलीज आवृत्तीवर मुळात तिमाही शाखेतली पॅकेजं आणते. ही शाखा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला नव्याने काढली जाते. पोर्ट्स मात्र गिटने नुसते क्लोन केले (उतरवून घेतले), की हाती मेन, म्हणजे सतत बदलणारी मुख्य शाखा येते. त्यामुळे बांधलेला प्रोग्राम एका लायब्ररीशी जोडला जातो आणि पुढच्या पीकेजी अपग्रेडमध्ये ती लायब्ररी वेगळ्या क्रमांकाची येते. पॅकेजं सर्व्हरवर नव्याने बांधलेली असतात, तुमचा प्रोग्राम तसाच राहतो आणि सुरू होताना 'शेअर्ड ऑब्जेक्ट सापडलं नाही' म्हणून थांबतो. म्हणून आधी पीकेजीच्या रिपॉझिटरीचा (पॅकेजं जिथून येतात त्या साठ्याचा) पत्ता बघा. त्यात 'क्वार्टरली' असेल तर पोर्ट्सही चालू तिमाहीच्या शाखेवर न्या, 'लेटेस्ट' असेल तर मेनवर. रिपॉझिटरी बदलायची तर मूळ फाइलला हात लावू नका. यूएसआर-लोकलखालच्या पीकेजीच्या रेपोज फोल्डरमध्ये त्याच नावाची नोंद करा.

शाखा जुळली तरी ऑप्शन्स, म्हणजे बांधताना निवडायच्या सोयी, उरतातच. तयार पॅकेजं डिफॉल्ट ऑप्शन्सनी बांधलेली असतात. तुम्ही एखादा ऑप्शन बदलून बांधलंत, तर अपग्रेडला तो फरक दिसतो आणि तुमच्या बांधणीवर तयार पॅकेज बसतं. पीकेजी लॉकने, म्हणजे त्या पॅकेजला कुलूप लावून, ते टळतं, पण सुरक्षेच्या दुरुस्त्याही अडतात. कुलूप लावलंत तर पोर्ट पुन्हा बांधायची जबाबदारी तुमची. मेक-कॉन्फ या बांधणीच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसची डिफॉल्ट आवृत्ती बदलली असेल, तर तयार पॅकेजं मूळ डिफॉल्ट आवृत्तीच्याच क्लायंटला चिकटून असतात. अशा वेळी अपग्रेड काय काढून टाकणार आहे, ती यादी पूर्ण वाचल्याशिवाय 'वाय' दाबू नका. पोर्ट्समधली 'अपडेटिंग' फाइलही त्याआधीच वाचायची.

बदललेले पोर्ट्स चार-पाचांच्या वर गेले, की पूद्रिएर हे पॅकेजं बांधायचं साधन वापरा, असं मी आग्रहाने सांगेन. ते स्वच्छ जेलमध्ये (बाकी सिस्टिमपासून वेगळ्या कप्प्यात) बांधतं, अवलंबून असलेलं काही बदललं तर पुढचंही बांधतं आणि न बदललेलं तयार पॅकेज उचलू शकतं. मग मशीनवर तुमची एकच रिपॉझिटरी चालू ठेवा, अधिकृत बंद करा.

ग्राफिक्सचं डीआरएम मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) बसणारा ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर, मात्र निराळं. मुख्य रिपॉझिटरीतली पॅकेजं त्या मालिकेतल्या सर्वांत जुन्या, अजून पाठिंबा असलेल्या रिलीजवर बांधली जातात. नव्या रिलीजच्या कर्नलवर ते मॉड्यूल बसेलच असं नाही, तेव्हा अलीकडच्या रिलीजमध्ये असलेल्या कर्नल मॉड्यूलच्या वेगळ्या रिपॉझिटरीतून ते घ्या, नाहीतर त्याच कर्नलचा सोर्स घेऊन तेवढं हाताने बांधा.