ना पाय, ना शेपूट, मग आत शिरतो कसा?

हिवतापाच्या तपासणीसाठी रक्त द्यायला आलेली माणसं खिडकीशी रेंगाळतात आणि पुष्कळदा एकच विचारतात: "या जंतूला पाय नाहीत, शेपूट नाही, मग तो रक्ताच्या पेशीत घुसतो कसा?" गडचिरोलीत हिवतापाच्या काचपट्ट्या बघण्यात माझी २२ वर्षं गेली, आणि या प्रश्नाचं उत्तर काचपट्टीवर मिळत नाही. आमच्यासमोर येतो तो मेलेला, रंगवलेला जंतू. पातळ लेपावर मिथेनॉल पडलं की सगळं जागच्या जागी थिजतं. तांबड्या पेशीत दिसते एक बारीक निळी अंगठी, तिच्यावर लाल खडा. आम्ही तिला रिंगच म्हणतो.

जिवंत जंतू मी पाहिला तो एका प्रशिक्षणात, पडद्यावर. ते चित्रीकरण मी लागोपाठ चार वेळा लावायला सांगितलं होतं.

डासाची मादी चावते तेव्हा जंतू थेट रक्तात पडतात असं आपण समजतो. खरं तर बरेचसे कातडीतच सोडले जातात, आणि रक्तवाहिनी त्यांची त्यांनाच शोधावी लागते. हे स्पोरोझोइट. विळ्यासारखे वाकडे, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे किंवा जरासे जास्त लांब. सेकंदाला एक ते दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे एक-दोन हजारांश, सरकतात. ऐकायला थोडं वाटतं, पण त्यांना पकडायला निघालेल्या आपल्या पांढऱ्या पेशींच्या हा साधारण दहापट वेग आहे.

ओढ्यावर दोन्ही काठांना दोर बांधून नाव पलीकडे नेतात, ते पाहिलंय? नावाडी दोर धरतो, मागे खेचतो, पुन्हा पुढचा दोर धरतो. दोर जागेवरच राहतो, नाव पुढे जाते. स्पोरोझोइट असाच चालतो. पुढच्या टोकातून तो चिकट प्रथिनं बाहेर सोडतो. ती बाहेरून कातडीतल्या पेशींना धरतात आणि आतून अॅक्टिनच्या धाग्याला जोडलेली असतात. आवरणाखालचं मायोसिन तो धागा मागे ढकलतं, म्हणून अंग पुढे सरकतं. अॅक्टिन आणि मायोसिन, म्हणजे आपले स्नायू ज्यांच्या जोरावर आखडतात, त्याच घराण्यातली प्रथिनं. पकड शेपटाकडे पोचली की एक विकर तिला कापून टाकतं. काचेवर सोडला तर हा जंतू गोल गोल फिरत राहतो आणि मागे त्या प्रथिनांची पुसट रेघ टाकत जातो.

मग यकृत. तिथे साधारण आठवडाभर गुपचूप वाढ, ताप नाही, काही नाही. एकातून मेरोझोइट नावाचे हजारो छोटे जंतू तयार होतात आणि रक्तात उतरतात.

मेरोझोइट जेमतेम दीड मायक्रॉनचा, अंड्यासारखा. तांबडी पेशी त्याच्या चार-पाचपट मोठी. पडद्यावर पाहिलं ते असं: तो पेशीला कुठेही चिकटतो, पेशी हेलकावते, मग तो वळून आपलं निमुळतं टोक तिच्याकडे करतो. सगळी हत्यारं त्या टोकात असतात. पेशीच्या अंगावरची ठराविक खूण मात्र सापडावी लागते. हिवतापाच्या जंतूच्या जातींपैकी व्हायवॅक्सला बहुधा डफी नावाची खूण लागते. पश्चिम आफ्रिकेत बहुतेकांच्या पेशींवर ती नसते, म्हणून तिथे व्हायवॅक्स फारसा दिसत नाही. आपल्याकडे ती असते, आणि व्हायवॅक्सही.

पुढचा भाग मला सगळ्यात थरारक वाटतो. जंतू स्वतःचंच एक प्रथिन पेशीच्या आवरणात रोवतो आणि आपल्या अंगावरच्या दुसऱ्या प्रथिनाने ते धरतो. कडीही चोराची, कोयंडाही चोराचा. तिथे एक घट्ट कडं तयार होतं. बांगडी भरताना बांगडीतून हात जसा आवळून पुढे जातो, तसा तो त्या कड्यातून आत सरकतो आणि जाताना पेशीचंच आवरण अंगाभोवती गुंडाळून घेतो. तांबड्या पेशीला काही गिळता येत नाही, सगळा जोर याचाच. सगळं अर्ध्या-एक मिनिटात. थोड्या वेळाने पेशी आक्रसते, धोतऱ्याच्या बोंडासारखी काटेरी होते आणि काही मिनिटांत पुन्हा गुळगुळीत. बाहेरून काहीच झालेलं नाही असं वाटावं.

पेशीत शिरण्याआधीचा हा थोडा वेळच तो उघड्यावर असतो. म्हणून लस शोधणारे अशाच उघड्या वेळांच्या मागे लागतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी आर-२१ लस, जिची जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस केली, ती स्पोरोझोइटच्या अंगावरचं प्रथिन ओळखायला शरीराला शिकवते. जंतू यकृतात पोचण्याआधीच त्याला अडवायचं. आफ्रिकेतल्या लेकरांना ती मिळते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे.

गेल्या पावसाळ्यात एका आईला मी भिंगातून तिच्या मुलाच्या रक्तातली रिंग दाखवली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, हे याच्या अंगात कधी घुसलं जी?"

"ताई, रात्री याला हुडहुडी भरली होती ना?"

"हो, दोन गोधड्या टाकल्या तरी दात वाजत होते."

"जुन्या पेशी तेव्हा फुटत होत्या. त्यातून निघालेले हे तेव्हाच नव्या पेशींत शिरले."

तिने पोराचा हात घट्ट धरला. मी रिपोर्टवर पीएफ, म्हणजे फॅल्सिपॅरम ही दुसरी जात, असं लिहिलं आणि तिला गोळ्यांच्या खिडकीपर्यंत सोडून आलो.