आमची वाटचाल: कार्बोरेटरपासून स्कॅनरपर्यंत

आमचं गॅरेज सुरू झालं ते कार्बोरेटरवर, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण करणाऱ्या भागावर. नाना पेठेतून जेट, गॅस्केट आणायची, कानाने आयडलिंग लावायचं. इंजेक्शनच्या गाड्या वाढल्या, मिश्रणाचा हिशेब ईसीयूकडे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे गेला आणि आम्ही त्याची माहिती वाचणारा स्कॅनर घेतला. तक्रारी मात्र त्याच राहिल्या. ॲव्हरेज पडलं, कात्रजच्या घाटात पिकअप घेत नाही.

आता अशी गाडी आली की आम्ही आधी ऑक्सिजन सेन्सरचा ग्राफ लावतो. जळालेल्या वायूत ऑक्सिजन किती उरला हे तो ईसीयूला कळवतो. एक भाग पेट्रोल जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. नेहमीच्या झिरकोनिया सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सतत वर-खाली व्हायला हवं. सेन्सर सुस्तावला की ईसीयूचा अंदाज चुकतो आणि गाडी झटके खाते. त्याचा हीटर गेला तर प्रकार वेगळा. सुमारे ३०० अंश तापल्याशिवाय सेन्सर नीट काम करत नाही. तोवर ईसीयू ठरलेल्या तक्त्यावर चालतो. घर ते मंडई अशाच फेऱ्या असतील तर पेट्रोलचा खर्च लगेच जाणवतो.

पण स्कॅनरवर बिघाडाचा कोड आला म्हणून सेन्सर बदलणं आम्हाला पटत नाही. सिंहगड रोडची एक गाडी आली होती. दुसरीकडे नवा सेन्सर बसवूनही पी०१७१ कोड परत आलेला. हा कोड सांगतो मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. स्पार्क प्लग काढले तर काळे कुळकुळीत! मिश्रण पातळ असेल तर काजळी कुठून येणार? एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटपाशी बारीक काळा ओघळ दिसला. तिथून बाहेरची हवा आत खेचली जात होती, सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसत होता आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवत होता. गॅस्केट बदलली. सेन्सर चांगलाच होता, तो तसाच ठेवला.

सिलिकॉनच्या वाफेने सेन्सर मरतो, म्हणून कुठलाही स्वस्त सीलंट आम्ही इंजिनाला लावत नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराच्या प्रदूषणाचा नियम आला, तेव्हापासून स्कूटरवरही हा सेन्सर दिसू लागला. त्यामुळे आमची पोरं आता दुचाकीचा ग्राफही वाचायला शिकतायत. पार्ट बदललाच, तर बिलाबरोबर जुना पार्ट आणि आधी-नंतरच्या ग्राफचा फोटो गिऱ्हाइकाच्या हातात देतो.