तीनच नळ्या

खानापूरहून सकाळच्या पहिल्या बसनं मावशी बेळगावात आल्या त्या गाल धरूनच. "डॉक्टर, तुम्ही रूट कॅनल केलेलाच दात परत ठणकूलाय."

दोन वर्षांपूर्वीचं काम, वरची पहिली मोठी दाढ. मी नेहमीचाच प्रश्न टाकला, जरा दटावूनच, "कॅप बसवली होती ना?" दुखायचं थांबलं की पुष्कळ जण कॅप टाळतात. मग तात्पुरत्या सिमेंटच्या कडेनं लाळ झिरपते आणि जंतू परत आत. पण मावशींची कॅप जागेवर होती, घट्ट.

एक्स-रेही बघण्यासारखा. मुळांतल्या तिन्ही नळ्या टोकापर्यंत भरलेल्या. फक्त गालाकडच्या पुढच्या मुळाच्या टोकाशी मुगाएवढी काळी सावली, म्हणजे तिथं जंतुसंसर्ग.

त्या मुळात निम्म्याहून अधिक लोकांना दोन नळ्या असतात. एक गालाकडे, दुसरी तिच्यामागे टाळूकडे, त्यामुळे साध्या एक्स-रेत पहिलीच दिसते. मला हे पाठ होतं. त्या दिवशी मात्र मी तीन सापडल्यावर थांबलो होतो.

कॅप कापली, दाताभोवती रबर डॅम, म्हणजे लाळ अडवणारा रबरी पडदा, लावला. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्या नळीच्या तोंडापासून टाळूकडे दोनेक मिलिमीटरवर डेंटिनचा, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराचा, पातळ ओठ दिसला. अल्ट्रासॉनिक यंत्राच्या थरथरत्या टोकानं तो हळूहळू खरवडला. आठ नंबरची फाइल, नळी साफ करायची बारीक सुई, टेकवली आणि ती चिकटली. चौथी नळी. मग वास आला. भिजत घालून विसरलेल्या वालांसारखा, मास्कमधूनही.

दोन वर्षं जंतूंचा संसार तिथं सुखात चालला होता. बाकीच्या तीन नळ्या कितीही देखण्या भरलेल्या असोत, त्याचा उपयोग काय? 1965 सालच्या एका प्रयोगात जंतूविरहित वाढवलेल्या उंदरांच्या दातातला लगदा, म्हणजे आतला जिवंत मऊ भाग, उघडा पडूनही जगला, साध्या उंदरांचा कुजला. सगळा खेळ जंतूंचा.

जंतुनाशक हायपोक्लोराइटनं नळी पुन्हा पुन्हा धुतली, कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध भरलं आणि पंधरा दिवसांनी बोलावलं. पैसे घेतले नाहीत.

"चुकलं कुठं, डॉक्टर?"

"माझ्याकडं. चार नळ्या होत्या, मी तीनच साफ केल्या."

मावशींनी पदरानं तोंड पुसलं.

"मग मगाशी कॅपवरनं मला कशाला दटावलासा?"