आतडे कापले, मग गोळ्या कशाला?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात पारावर, बँकेत, लग्नाच्या पंगतीत मला एकच प्रश्न विचारला जातो: "मास्तर, आतडं तं कापून फेकलं, मंग आता गोळ्या कायले?" प्रश्न आपुलकीचा आहे, आणि तुम्हीही विचारलंत म्हणून या वेळी सविस्तर सांगतो.

मला क्रोन्स आहे, म्हणजे आतड्याला वारंवार दाह होऊन व्रण पडणारा, वर्षानुवर्षे चालणारा आजार. लहान आतडे मोठ्या आतड्याला जिथे मिळते तिथेच क्षयही घर करतो, म्हणून माझे पहिले सहा महिने क्षयाच्या औषधांत गेले. त्याचा दोष मी कोणाला देत नाही; दुर्बिणीतून हे दोन्ही रोग बरेचदा सारखेच दिसतात. लोक याला पोटाचा आजार म्हणतात, परंतु त्यात बिघडते ती शरीराची प्रतिकारशक्ती, आणि ती काही पोटापुरती नसते.

हे मला डोळ्याने शिकवले. शस्त्रक्रियेला दोन वर्षे झाली होती, पोट ठीक होते, आणि एका सकाळी उजवा डोळा लाल होऊन इतका ठणकू लागला की अंगणातला उजेडही सोसवेना. गावात साथ होती, म्हणून डोळे आले असे समजून मी दुकानातले थेंब घातले आणि चार दिवस वाया घालवले. डोळे आले की चिपडे धरतात. मला चिपडे नव्हती, नजर मात्र धूसर झाली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतला दाह, असे निदान करून स्टेरॉइडचे आणि बाहुली मोठी करणारे थेंब दिले, कारण बाहुलीचा पडदा मागच्या भिंगाला चिकटण्याची भीती होती. हा दाह पोट शांत असतानाही येतो. घोट्यांची सूज आणि नडगीवरच्या लाल, दुखऱ्या गाठी मात्र बहुधा पोटाबरोबरच वाढतात आणि ओसरतात. त्या सुजेला वात समजून मी दुखण्याच्या गोळ्या घेतल्या होत्या. अशा अनेक गोळ्यांनी आतड्याचा दाह भडकू शकतो, आणि माझा भडकलाही.

आतडे अरुंद होऊन अन्न अडले, गळू झाले, छिद्र पडले किंवा औषधे लागू पडेनाशी झाली, म्हणजे शस्त्रक्रिया करावी लागते. माझे सुमारे ४० सेंटीमीटर आतडे काढले. वरची एक अरुंद जागा मात्र न काढता उभी चिरून आडवी शिवली, म्हणजे वाट रुंद होते आणि लांबी वाचते. लांबी वाचवायची, कारण पुन्हा कापण्याची वेळ येऊ शकते. काढलेला भाग जीवनसत्त्व बी-१२ आणि पित्तक्षार शोषणारा होता. म्हणून इंजेक्शन कायमचे लागले आणि जुलाबही थोडे उरले. न पचलेली चरबी कॅल्शियमला धरून ठेवते, मग मोकळे राहिलेले ऑक्झलेट, म्हणजे अन्नातला एक क्षार, मूत्रपिंडात खडे करते. आमच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात पाणी कमी पडले की मला त्याची आठवण होते. बिडी मात्र सर्जनच्या एका वाक्यावर सुटली: ओढत राहिलात तर रोग लवकर परतेल.

शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, केली, तेव्हा शिवलेल्या जागेच्या अगदी वरच्या बाजूला बारीक व्रण पुन्हा दिसले. त्या दिवसांत मी दोन भाकरी खात होतो आणि पोटाची काहीच तक्रार नव्हती. गोळ्या त्या व्रणांसाठी आहेत.